‘धनवंती’च्या टाक्या

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर
१४ मे २०२५

कोंडिबाभाऊ यांस,

परवा तुम्हाला फोन केला होता. मी ओरडून सांगितलं, “तांडेल बोटीत घसरून पडले, कंबर धरून बसलेत.” तुम्ही म्हणालात, “छान, छान, त्यांना नमस्कार सांग.” सांगितला. त्यांनी झोपूनच घेतला.

पत्र्यावर घण मारून मारून तुमचे कान गेलेत हे ठाऊक असून मी फोन केला, चूक माझीच. मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात. गावात तुम्ही एकटे, वाचून दाखवायला कुणी नाही. तेव्हा आता कागद आणि पेन. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या मुलीने विचारलं, “डॉक्युमेंट आहे का?” म्हटलं, नाही, भावाला पत्र आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कबुतर मागितलं.

तर आमचे हे, बोटीचे तांडेल, घसरले ते डिझेलवर. ‘धनवंती’ बोटीच्या दोन्ही टाक्या गळतात. तुम्हीच बावीस वर्षांपूर्वी पावणे एमआयडीसीतल्या तुमच्या शेडमध्ये केलेल्या. मी तेव्हा डब्यात सुका जवळा आणायचे आणि तुम्ही माळकरी माणूस, नुसत्या वासावर दोन भाकऱ्या संपवायचात. त्याच महिन्यात मी तुम्हाला पहिली राखी बांधली होती. राखी टिकली, टाक्यांचे तळ गेले. खाऱ्या पाण्यात बावीस वर्षं म्हणजे माणसाची ऐंशी झाली, त्यांना दोष नाही.

डिझेल खाली झिरपतं, तिथून बर्फाच्या खणात, तिथून मासळीत. गेल्या आठवड्यात सीवूड्सच्या एका मॅडमनी मांदेली परत आणली. “मावशी, याला पेट्रोल पंपाचा वास येतोय.” मी म्हटलं, “ऑरगॅनिक आहे.” त्या परत घेऊन गेल्या. पण सगळीच गिऱ्हाइकं इतकी शिकलेली नसतात.

टाक्या आधी बसवल्या आणि डेक नंतर ठोकला, हे तुम्हाला आठवत असेल. आता टाकी काढायची म्हणजे डेकच्या अकरा फळ्या उचकटायच्या. तांडेल म्हणतात, “मीने, त्यापरीस माझी छाती उघर.” पण दुसरा उपाय नाही. जूनपासून मासेमारीची बंदी लागते, बोट वर ओढू. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात हवीच. नाहीतर उरलेले दोन खलाशी दुसऱ्या बोटीवर जातील, आणि तांडेल एकसष्टाव्या वर्षी नवीन खलाशी कुठून आणणार? सासऱ्यांची शेती शहरात गेली, मिठागर शहरात गेलं. ही बोट तेवढी शहराला नको होती म्हणून उरली. ती गेली की आम्ही कोळी नाही, नुसते बेलापूरचे रहिवासी.

टाक्या तुमच्याच शेडमध्ये व्हाव्यात असं वाटतं. शेड आता तुमचा शिवतेज बघतो, त्याला सांगाल का?

तुमची बहीण,
मीना


मु. पो. नाटोशी, ता. पाटण
२३ मे २०२५

मीनाताईस आशीर्वाद.

तांडेलांच्या कंबरेला मी नमस्कार पाठवला हे वाचून लाज वाटली. आता नीट विचारतो, कंबर कशी आहे? उत्तर पत्रानेच दे. परवा एकाने फोनवर मला त्याचे वडील गेल्याचं सांगितलं आणि मी पेढे कधी देणार म्हणून विचारलं.

त्या टाक्यांचा कागद माझ्या ट्रंकेत निघाला. सोबत पाठवतो. लांबी, रुंदी, तळाचा उतार सगळं आहे. लाकडी बोटीत भिंत सरळ नसते, म्हणून टाकीची बाहेरची बाजू पोटासारखी गोल घ्यावी लागते. त्यासाठी मी तेव्हा कार्डबोर्डाचा साचा कापून तीन दिवस बोटीत बसलो होतो. तुझी सासू म्हणाली होती, “टाकी करतोस का अंगरखा शिवतोस?”

शिवतेजला मी कळवतो. पण तू स्वतः त्याला भेट. हल्लीची पोरं बापाचं ऐकत नाहीत, गिऱ्हाइकाचं ऐकतात. त्याला सांग, आत्या म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून आलेय.

तुझा,
कोंडिबा


दिवाळे
१२ जून २०२५

कोंडिबाभाऊ,

तुमचा कागद मिळाला. कंबर सुधारतेय. तांडेल आता खाटेवरून हुकूम सोडतात. म्हणजे तब्येत पूर्ववत.

बोट वर ओढली. सुताराने फळ्या उचकटल्या तेव्हा तांडेल बघायला आले नाहीत. घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. प्रत्येक खिळा निघताना आवाज घरापर्यंत येत होता. शेवटी मी टीव्ही मोठा लावला. त्यावर बातम्यांतले लोक भांडत होते, तो आवाज त्यांना बरा वाटला.

जुन्या टाक्या निघाल्या. तळाला हात लावला तर पापडासारखा तुटला. पण आतले पडदे शाबूत होते, बरं का.

शिवतेजला भेटले. त्याने खारघरला बोलावलं होतं. कामाच्या गडबडीत होता, गिऱ्हाइकं फार म्हणाला. चांगला जाडजूड झालाय. “आत्या, टेन्शन नको. स्टँडर्ड माल देतो, मापात.” तुमच्या कागदाचा त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि कागद मला परत दिला. मी म्हटलं, “बाबांना काही निरोप?” म्हणाला, “सांगा, सगळं मस्त चाललंय.” तर सगळं मस्त चाललंय.

मीना


नाटोशी
२१ जून २०२५

मीनाताई,

सगळं मस्त चाललंय हे वाचून बरं वाटलं.

पडदे शाबूत होते हे तर फारच बरं वाटलं. माणूस म्हातारा झाला की कुणी त्याच्या पोटात डोकावून कौतुक करत नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, ते पडदे म्हणजे भोकं पाडलेले पत्रे. टाकीत आडवे उभे केलेले. बोट कलली की सगळं डिझेल एका बाजूला धावतं. पडदा त्याला म्हणतो, हळू, हळू, रांगेत या. पडदा नसेल तर डिझेल एकदम पळतं, बोट अजून कलते, आणि इंजिनाची नळी उघडी पडून हवा ओढते. हवेवर इंजिन चालत नाही. हवेवर फक्त पुढारी चालतात.

शिवतेजला हे सांगायची गरज नाही. कॉलेजच्या सुट्टीत तोच माझ्यासोबत टाकीत उतरून वेल्डिंग करायचा. तरी तू विचार. विचारलेलं बरं.

कोंडिबा


दिवाळे
२५ जुलै २०२५

कोंडिबाभाऊ,

टाक्या आल्या. काय सांगू! पावडर कोटिंग केलेल्या, राखाडी, एखाद्या नवरीच्या कपाटासारख्या. टेम्पोतून उतरवताना अख्खा कोळीवाडा जमला. शेजारची सखू म्हणाली, “यात डिझेल भरतेस का साड्या?” गळतीची परीक्षा केली, पाणी भरून रात्रभर ठेवल्या, एक थेंब नाही. बाहेरची बाजू मात्र गोल नाही, सरळच आहे. सुताराने मधल्या फटीत लाकडाचे ठोकळे भरले. म्हणाला, “घट्ट बसली, आता तुमची बोट मोडेल पण टाकी हलणार नाही.”

पडद्यांचं विचारलं. शिवतेज म्हणाला, “आहेत ना आत्या, तीन तीन.” आत बघायला झाकणातून हात जेमतेम जातो. तांडेलांनी हात घालून बघितला, पोचेना.

फळ्या बसल्या. फटींत कापूस ठोकला, राळ ओतली, रंग दिला. मग मत्स्यखात्याच्या ऑफिसातून माणूस आला. त्याच्या फॉर्मवर ‘टाकीची क्षमता’ असा रकाना होता, ‘टाकी नवीन’ असा नव्हता. तो म्हणाला, “मग तुमच्या टाक्या जुन्याच आहेत असं लिहितो.” म्हटलं, लिहा. सरकारदरबारी ‘धनवंती’ अजून तुमच्याच टाक्या घेऊन फिरते.

सोबत राखी आहे. पौर्णिमा नऊ ऑगस्टला. आम्ही आदल्या दिवशी नारळ देतो समुद्राला. तांडेलांनी नवीन टोपी आणलीय. एकसष्टाव्या वर्षी माणूस इतका लाजत टोपी घालून आरशात बघतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मीना


नाटोशी
३ ऑगस्ट २०२५

मीनाताई,

राखी आधीच बांधून घेतली, पोस्टमनकडून. तो म्हणाला, “बाबा, मी पुरुष आहे.” मी म्हटलं, मला फरक पडत नाही, तुला पडत असेल तर डोळे मिट.

तीन पडदे, बरोबर. चारशे लिटरला तीनच लागतात. पोराने लक्षात ठेवलं म्हणायचं. त्या दिवशी संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

बाजू सरळ ठेवली ते मला तितकंसं आवडलं नाही. पण नवीन पद्धत असेल.

तांडेलांना टोपी शोभत असेल. समुद्राला माझाही एक नारळ दे.

कोंडिबा


दिवाळे
२८ ऑगस्ट २०२५

कोंडिबाभाऊ,

मदत करा. मी हे पत्र इंजिनाच्या डोक्यावर बसून लिहितेय असं समजा.

बोट पहिल्या दोन फेऱ्या नीट गेली. तिसऱ्या फेरीत, बाहेर मोठ्या पाण्यात, परतताना इंजिन बंद. तांडेलांनी नळीतली हवा काढली, सुरू झालं. पुन्हा बंद. शेवटी थळच्या एका बोटीने ओढत आणलं. चौथ्या फेरीतही तेच. पाचव्यातही.

मेकॅनिक हितेश आला. धक्क्याला बोट लावलेली, खाडीचं पाणी ताटात ठेवल्यासारखं. इंजिन सुरू केलं, दोन तास चाललं. हितेश म्हणाला, “काकी, मशीन तर मक्खन आहे.” मी म्हटलं, “बाबा, हे मक्खन बाहेर नेलं की गोठतं.” त्याने फिल्टर बदलला. मग पंप बदलला. मग डिझेल खराब आहे म्हणाला. डिझेल बदललं. मग म्हणाला तांडेलांना आता नीट दिसत नसेल. त्यावर तांडेलांनी त्याला काय म्हटलं ते मी बहीण म्हणून तुम्हाला लिहू शकत नाही.

म्हटलं, तूच चल बाहेर, डोळ्यांनी बघ. म्हणाला, “मला बोट लागते.” बोटींचा मेकॅनिक! त्याला बोट लागते!

एक खलाशी काम सोडून गेला. दुसरा म्हणतो, दसऱ्यापर्यंत थांबतो. आणि तांडेल? सकाळी जाऊन बोटीत बसतात, इंजिन सुरू करतात, ऐकत राहतात. ते छान चालतं. तेच जास्त वाईट आहे.

तुम्हाला काही सुचतं का?

मीना


नाटोशी
५ सप्टेंबर २०२५

मीनाताई,

तुझं पत्र आज हाती आलं. गणपतीमुळे पोस्टमन सुट्टीवर होता.

माझ्या मनात येतं ते लिहितो. इंजिन जाताना बंद पडत नाही, परतताना पडतं, बरोबर? म्हणजे टाकी भरलेली असते तोवर ठीक, अर्धी झाली की बिघाड. तर तांडेलांना सांग, डिझेल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. जवळपासच जा. लाटा असल्या तर बाहेर पडू नका.

एवढं पाळलं तर चालेल. बाकी टाकीत काही दोष असेल असं मला वाटत नाही. शिवतेजने केलीय म्हणजे नीटच केली असणार.

कोंडिबा


दिवाळे
२२ सप्टेंबर २०२५

कोंडिबाभाऊ,

तुमचं पत्र बारा तारखेला आलं. ‘धनवंती’ अकराला गेली.

आधी हे सांगते, माणसं वाचली. तांडेल आणि तो खलाशी, दोघेही. खांदेरीच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. वारा होता. नांगर टाकला तो धरेना. तांडेल हवा काढत राहिले, सुरू करत राहिले, बोट खडकांकडे जात राहिली. थळचीच ती बोट पुन्हा आली. त्यांनी दोरी फेकली. तांडेल आधी दोरी बोटीला बांधायला गेले. तिकडून माणूस ओरडला, “तांडेल, सवताला बांधा!” तेव्हा बांधली.

बोट खडकावर एकदाच आपटली. मग पोट उघडलं, बस्स. दुसऱ्या दिवशी फळ्या किनाऱ्याला लागल्या. टाक्याही लागल्या. भाऊ, दोन्ही टाक्या जशाच्या तशा आहेत. रंगसुद्धा उडाला नाही. सुतार खरं बोलला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला. ‘नुकसानीचा प्रकार’ या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे शब्द नव्हता, म्हणून ‘किरकोळ जीवितहानी नाही’ असं लिहिलं. मी तीनदा वाचलं, त्याचा अर्थ काय ते अजून कळलं नाही.

आता जे लिहायला हवं होतं ते लिहिते. पावण्यात तुमचं वर्कशॉप नाही. मी जूनमध्ये पहिल्यांदा तिथेच गेले होते, खारघरला नंतर. तुमच्या शेडमध्ये कुरिअरचं गोदाम आहे. तुमचा लेथ होता तिथे एक मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसते. शिवतेजने सगळं गेल्या वर्षी विकलं. तो आता खारघरला टॉवरवाल्यांना जनरेटर आणि त्यांच्या डिझेलच्या टाक्या पुरवतो. माझा हात हातात घेऊन म्हणाला, “आत्या, बाबांना सांगू नका. त्यांना सहन होणार नाही.” मला वाटलं, खरंच आहे. गावात एकटा बसलेला माणूस, त्याला एवढी एक गोष्ट तरी राहू दे. म्हणून मी सगळं मस्त चाललंय असं लिहिलं.

टाक्या कुणी केल्या मला ठाऊक नाही. तुमच्या पत्रांचा सूर एकच, शिवतेजने केलीय म्हणजे नीटच असणार. मी ते वाचून मनाला समजावत होते की कोंडिबाभाऊंना कळतं. विसरून गेले की कोंडिबाभाऊंना मीच फसवलंय.

तांडेल घरात आहेत. जेवतात. टोपी समुद्रात गेली.

मीना


नाटोशी
२९ सप्टेंबर २०२५

मीनाताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला रागवायचा मला हक्क नाही, आणि का नाही ते सांगतो.

शेड विकल्याचं, आणि तो टॉवरवाल्यांना टाक्या पुरवतो हेही, मला पाडव्यापासून ठाऊक आहे. आमच्या गावचा विश्वजित वाशीच्या मार्केटात माथाडी आहे, त्याने सुट्टीला आल्यावर सांगितलं. कानात ओरडून सांगितलं, शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. शिवतेज मला सांगत नाही म्हणून मीही त्याला विचारलं नाही. त्याला वाटतं म्हाताऱ्याला माहीत नाही. मला वाटायचं, राहू दे, तेवढा तरी त्याला माझा धाक आहे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला एक मोह झाला. वाटलं, आत्याचं काम आहे, नाही म्हणता येणार नाही. कुठून तरी भाड्याने वेल्डिंग सेट आणेल, जुन्या कारागिरांना बोलावेल, चार दिवस पत्र्यासमोर उभा राहील. हातात काम आलं की त्याला परत आवडेल. तू खारघरला भेटलीस असं लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं की टाकी कुठून येणार. कळलंही. पण मी विचारलं नाही. बाजू सरळ आहे असं लिहिलंस, तेव्हाही कळलं. टॉवरच्या तळघरात टाकी ठेवायची तर बाजू गोल कशाला? तिथे जमीन हलत नाही. आतले पडदे तरी कशाला?

आणि इंजिन परतताना बंद पडतं असं लिहिलंस तेव्हा मला काहीच शंका उरली नव्हती. माझं पाच तारखेचं पत्र परत वाच. सगळं माहीत असलेल्या माणसाने लिहिलंय ते. फक्त एक ओळ नाही त्यात. ती लिहिली असती तर माझ्या पोराने टाकी केली नाही हे लिहावं लागलं असतं.

ती ओळ आता लिहितो. त्याचा उपयोग नाही, पण तुला खात्री करायची असेल तर कर. रिकाम्या टाकीच्या अंगावर पान्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचं. जिथे आत पडदा असेल तिथे आवाज बसका येतो. पाच मिनिटांचं काम आहे. त्याला कान लागतात, ते तांडेलांचे अजून चांगले आहेत.

यायचं मनात होतं. पण येऊन कुठे बसू?

कोंडिबा


दिवाळे
८ ऑक्टोबर २०२५

कोंडिबाभाऊ,

टाक्या आमच्या अंगणात आहेत. आज सकाळी तांडेलांना पाना दिला. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, ठोकत जा. त्यांनी ठोकलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आवाज, देवळातल्या घंटेसारखा खणखणीत. दुसरी ठोकली. तोच आवाज. ते म्हणाले, “आत कायच नाय गो.”

मग मी त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्याआधी माझी पत्रं तुमच्याकडे गेली त्यांत काय होतं तेही सांगितलं. काही गाळलं नाही. ते टाकीवर बसून ऐकत होते, पाना हातात होता. मला वाटलं, आता शिव्या देतील, तुम्हाला, शिवतेजला, मला. निदान उठून कुठेतरी निघून जातील.

बसूनच राहिले. पाना टाकीवर ठेवला आणि म्हणाले, “म्हंजे तुमाला दोगांना म्हाईत व्हता. त्या पोराला म्हाईत व्हता. फकत मना आनि बोटीला नव्हता.”

हे कोंडिबाला लिही म्हणाले, म्हणून लिहिलं.

मीना